जाणता आणि प्रतिनिधी

आमदार म्हणजे काय, हे पुसदच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पूस नदीच्या काठच्या या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. जवळच्याच गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत त्या पदावर होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. त्यामुळे येथे चहाच्या टपरीवरसुद्धा विधिमंडळाची भाषा सहज बोलली जाते. आणि या भाषेतले एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एखादा डॉक्टर तांड्यावाड्यांवर मनापासून काम करू लागतो, केवळ औषधे न देता कोणत्या घरात कोण कशाने आजारी पडले याच्या वह्या भरू लागतो, आणि दोन-चार वर्षांत लोक त्याला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आता तुम्ही उभे राहा."

वाक्य प्रेमाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले आहे. ज्याला दुखण्याचे कारण कळले त्याला ते दूर करण्याची सत्ताही शोभून दिसेल, किंबहुना ती त्याने घेतलीच पाहिजे, असे ते गृहीत होय. जाणणे ही खालची पायरी आणि कायदा करणे ही वरची. हे खरे आहे काय? आरोग्याचा अभ्यास करणारा मनुष्य कायदेमंडळात जाऊन बसतो, तेव्हा तो कोणाच्या नावाने बोलतो: आपल्या ज्ञानाच्या, की ज्यांनी त्याला तेथे पाठविले त्यांच्या? दोहोंचे म्हणणे एकच असेल तर प्रश्न नाही. नसेल तेव्हा काय?

या प्रश्नात माझा स्वतःचा स्वार्थ नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. १९८३ च्या धर्मसभेच्या विधिसंहितेतील कलम २८५ अन्वये, राज्यसत्तेत सहभागी करणारे कोणतेही पद धर्मगुरूला स्वीकारता येत नाही. अमेरिकेत फादर रॉबर्ट ड्रायनन हे जेझुईट धर्मगुरू १९७१ पासून दहा वर्षे तेथील प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते. परंतु १९८० मध्ये पोपमहोदयांचा आदेश आला आणि त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. तेव्हा "फादर, तुम्हीच उभे राहा" असे कोणी थट्टेने म्हटले, तर माझे उत्तर तयार असते. डॉक्टरांच्या हाताशी असे तयार उत्तर नाही. त्यांना ते शोधावे लागते.

आपल्या समाजात या प्रश्नाशी झुंजलेला एक मोठा मनुष्य होऊन गेला. मराठी वाचकाला त्याचे नाव फारसे ठाऊक नाही. डॉ. इंदालेन्सियो फ्रॉयलानो द मेलो. जन्म १८८७ चा, गोव्यातील सासष्टी तालुक्यात बाणावली येथला. बाणावली म्हटले की आपल्याला संत जोसेफ वाझ आठवतात, आणि ते येथे आठवणे अप्रस्तुत नाही. त्यांचा जन्मही याच गावचा, १६५१ सालचा. श्रीलंकेत कँडी येथे १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोक आपल्या रोग्यांना टाकून पळाले आणि या धर्मगुरूने त्यांची शुश्रूषा केली. देवी कशाने होते हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्ञान नसताना केलेली सेवा आणि ज्ञानातून उभी राहिलेली सेवा अशी दोन्ही रूपे एकाच गावाने दाखविली, असे म्हणता येईल.

द मेलो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. १८४२ साली स्थापन झालेल्या गोव्याच्या वैद्यकीय विद्यालयात ते शिकले, तेथेच प्राध्यापक झाले आणि पुढे त्या विद्यालयाचे प्रमुखही झाले. वाळवीच्या आतड्यात राहणाऱ्या एकपेशीय जीवांपासून माणसाच्या रक्तातील परोपजीवींपर्यंत त्यांनी अखंड संशोधन केले. जीवशास्त्राच्या ग्रंथांत अनेक सूक्ष्म प्राण्यांच्या नावांपुढे, त्यांचे प्रथम वर्णन करणारा म्हणून, त्यांचे नाव आजही छापले जाते. परंतु ते प्रयोगशाळेत कोंडून घेणारे नव्हते. मलेरिया, क्षय आणि कुष्ठरोग या तिन्ही रोगांशी त्यांनी झगडा मांडला. जुन्या गोव्याचे वैभव साथींनी कसे धुऊन नेले, हे त्या ओस पडलेल्या नगरातील चर्चमधून हिंडणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला जाणवते. त्या नगराभोवतीच्या मलेरियाविरुद्ध त्यांनी मोहीम राबविली. मकाझन येथील कुष्ठरुग्णालय त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ते पोर्तुगीज वैद्यकीय सेवेत कर्नलच्या हुद्द्यावर होते, गोव्याच्या आरोग्यखात्याचे प्रमुख होते, आणि पणजी शहराचे महापौरही होते.

१९४५ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले. पोर्तुगीज इंडियाचा प्रतिनिधी म्हणून ते लिस्बन येथील राष्ट्रीय सभेवर निवडून गेले आणि १९४९ पर्यंत तेथे सदस्य होते. ते सालाझारचे राज्य होते. सभागृह एकाच राजकीय संघटनेच्या मुठीत होते, आणि मतदानाचा हक्कही गोव्यातील थोड्यांनाच होता. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचा दर्जा खाली आणला होता. त्याविरुद्ध त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी ठराव मांडला होता. लिस्बनमध्ये द मेलो यांनी अपक्ष म्हणून तीच व्यथा मांडली. आमचे लोक तुमच्या बरोबरीचे आहेत, आमच्या कारभारात आम्हाला विचारा, गोव्याला स्वायत्तता द्या, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. पुढे ते ब्राझीलला गेले आणि १९५५ मध्ये साव पावलो येथे, बाणावलीपासून हजारो मैलांवर, त्यांचे निधन झाले.

आता या चरित्रात एक गोष्ट मला अतिशय विचार करण्याजोगी वाटते. मनुष्य एकच, राजवटही तीच. तो जेव्हा डासांविषयी, जंतूंविषयी, रुग्णालयाविषयी बोलला तेव्हा सरकारने त्याचे ऐकले, त्याला हुद्दे दिले, त्याच्या हाती खाते सोपविले. तोच मनुष्य, त्याच लोकांविषयी, त्यांच्या हक्काच्या भाषेत बोलू लागला तेव्हा दार बंद झाले. त्याची विद्वत्ता काही कमी झाली नव्हती. फरक इतकाच की ज्ञान कोणताही राज्यकर्ता उसने घेऊ शकतो. जुलमी राज्यकर्त्यालाही मलेरिया नकोच असतो. प्रजेचे आरोग्य राखणे आणि प्रजेला विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करून दुसरी टाळणे राज्यकर्त्याला सोयीचे असते.

परंतु येथेच थांबलो तर आपण द मेलो यांना केवळ हुतात्मा करून ठेवू. प्रश्न त्यांच्याकडेही वळतो. आरोग्याधिकारी म्हणून त्यांनी जे काम केले त्याची भाषा हुकमाची होती. त्या काळच्या वैद्यकाची ती रीतच होती: पाणी साठवू नका, घर धुरी द्या, रोग्याला वेगळे ठेवा. ज्याला वेगळे ठेवायचे त्याला कोणी विचारत नसे. लिस्बनला जाऊन "आम्हाला विचारा" असे म्हणणाऱ्या खासदाराची मागणी, आणि आपल्या घरातून उचलून कुष्ठरुग्णालयात नेल्या जाणाऱ्या माणसाची न उच्चारलेली मागणी, या दोन्हींत कितीसे अंतर आहे? १८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानावर डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, आणि टी. बी. कुन्हांना त्याच वर्षी अटक होऊन पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात धाडण्यात आले. रस्त्यावरची माणसे स्वातंत्र्य मागत होती, तेव्हा सभागृहातील शास्त्रज्ञ स्वायत्तता मागत होता. त्यांना भित्रे म्हणणारे तेव्हाही असतील. मला तसे म्हणवत नाही. पुराव्याच्या पलीकडे एक शब्द न बोलण्याची सवय ज्याला आयुष्यभर लागली, त्याला लोकांच्या मनात नुकते उगवत असलेले, अजून मोजता न येणारे, कसे मांडता यावे? संशोधकाचा हा गुण आहे. प्रतिनिधी म्हणून मात्र तो अपुरा पडला, असे माझे मत आहे.

हुकूम आणि संमती यांतील हे अंतर मुंबई-पुण्याने फार महाग किंमत देऊन पाहिले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठींचे रोगी पाहून हा प्लेग आहे असे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. तेही गोव्याचेच, हडफड्याचे, आपल्या धर्माचे. धोबी तलावाजवळचा त्यांचा पुतळा मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. ते महापालिकेचे सदस्य होते, पुढे १९०६ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांचे निदान अचूक होते. त्या निदानाच्या आधारावर १८९७ मध्ये साथरोग कायदा घाईघाईने संमत झाला; चार-पाच कलमांचा छोटासा कायदा, परंतु सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा. पुढे पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तपासली गेली. स्त्रियांना प्लेगच्या रुग्णालयात कशी वागणूक मिळते याविषयी पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. रोग खरा होता, त्याचे नाव बरोबर होते, आणि तरीही कायदा अन्यायाचा झाला. निदान आणि अंमल यांच्यामध्ये जे विधिमंडळ असायला हवे होते, ज्यात पुण्याच्या त्या माजघरातून कोणीतरी बोलायला हवे होते, ते तेथे नावापुरते होते. तोच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आपल्या सर्वांवर लागू झाला, हे सहज लक्षात आणून देतो.

याउलट एक लहानशी गोष्ट मला फार आवडते. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाची चौकशी केली आणि शहरातल्या घराघरांतील विहिरी हेच डासांचे माहेरघर आहे असे दाखवून दिले. उपाय सरळ होता, विहिरी बुजवा किंवा बंदिस्त करा. परंतु विहीर हे केवळ पाणी नव्हते. हिंदूंच्या पूजाविधीला विहिरीचे पाणी लागे. पारशी बांधवांच्या श्रद्धेप्रमाणे पाण्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा. विरोध मोठा झाला. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा अडाणी हट्ट होता. शेवटी पुष्कळ वादानंतर काही विहिरींवर तारेची बारीक जाळी बसविण्याची सवलत निघाली. डास आत जाणार नाही, ऊन मात्र जाईल. ही जाळी प्रयोगशाळेत सुचली नसती. ज्यांना विहीर हवी होती ते चर्चेच्या टेबलाशी बसले म्हणून ती सुचली. मलेरियाचे सत्य त्याने एका सुतानेही कमी झाले नाही. काही जण म्हणतील की ही तडजोड झाली. झाली खरी, आणि ती घडविणे हेच प्रतिनिधीचे काम असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे विवेचन करताना त्याच्या घटकांत एका अनपेक्षित गोष्टीचा समावेश केला आहे: इतरांकडून शिकून घेण्याची तयारी. त्यांच्या मते आचरणाच्या बाबी इतक्या विविध असतात की एकट्या माणसाला त्या सर्व कळणे शक्य नसते; कितीही विद्वान असला तरी या बाबतीत त्याला दुसऱ्याचे ऐकावेच लागते. सामान्य नियम जाणणे हे एक, आणि या माणसांसाठी, या ठिकाणी, आज काय करावे हे ठरविणे दुसरे. पहिल्याने दुसरे आपोआप येत नाही. आमच्या सेमिनरीत हा भाग शिकविताना आमचे प्राध्यापक गमतीने म्हणत की ज्याने नीतिशास्त्रात पहिला क्रमांक मिळवला त्याच्याकडे लगेच धर्मग्राम सोपवू नये.

विद्वत्तेचा अधिकार एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात न कळत कसा ओसंडतो, याचे जगाच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीचे रुडॉल्फ व्हिर्खो. पेशींच्या विकृतींचा अभ्यास करणारा त्यांच्या तोडीचा वैद्य एकोणिसाव्या शतकात झाला नाही. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठविले. तेथील पोलिश बोलणारे गरीब कॅथलिक शेतकरी पटापट मरत होते. व्हिर्खो यांनी अहवालात औषधांची यादी दिली नाही. शिक्षण द्या, स्वातंत्र्य द्या, त्यांच्या भाषेत कारभार करा, पोटाला अन्न द्या, असे लिहिले. जमीनदार आणि नोकरशाही यांच्याबरोबर त्यांनी तेथल्या कॅथलिक धर्मगुरूंनाही दोष दिला. ते वाचताना आपल्याला बोचते. बोचू द्यावे, कारण लोकांना अज्ञानात ठेवण्याचा तो आरोप सर्वस्वी खोटा होता असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. या अहवालानंतर वर्षभरात बर्लिनमधील त्यांची जागा गेली. पुढे ते परतले, १८५९ पासून बर्लिनच्या नगरसभेत आणि १८६२ पासून प्रशियाच्या विधिमंडळात बसले. बर्लिनची गटारव्यवस्था उभी राहण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आरोग्याच्या अभ्यासकाने आमदार व्हावे, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

परंतु याच व्हिर्खो यांनी १८७३ मध्ये त्याच सभागृहात, धर्मसभेला शासनाच्या ताब्यात आणू पाहणाऱ्या कायद्यांच्या बाजूने बोलताना, 'कुल्टुरकाम्फ', म्हणजे संस्कृतीचा संघर्ष, हा शब्द रूढ केला. त्या काळात बिशप तुरुंगात गेले, जेझुईट देशाबाहेर घालविले गेले. मुंबई-पुण्याच्या मिशनात तेव्हा जर्मन जेझुईटच काम करीत होते, आणि १९०३ साली 'निरोप्या' हे आपले मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हेही जर्मनच. त्यामुळे ही कथा आपल्याला परकी नाही. ज्या सायलेशियन शेतकऱ्यांची भूक व्हिर्खोंनी इतक्या करुणेने पाहिली होती, त्यांचा श्रद्धेचा प्रांत मात्र त्यांना रोगाचाच भाग वाटला. टायफसविषयी त्यांना अधिकाराने बोलता येत होते. त्या शेतकऱ्याने रविवारी कोणापुढे गुडघे टेकावेत, याविषयी त्यांचा अधिकार इतर कोणाही माणसाइतकाच होता. परंतु सभागृहात दोन्ही भाषणे एकाच मोठ्या शास्त्रज्ञाच्या तोंडून आली, आणि ऐकणाऱ्यांना त्यातला सांधा दिसला नाही.

म्हणून संशोधकाने सत्तेपासून दूरच राहावे काय? आपल्या विदर्भातील डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तो मार्ग निवडला. १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या द्वारे ते काम करीत आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास जगभर गाजला: एकोणचाळीस गावांत खेड्यातील बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे तशाच स्वरूपाचे काम आले. विधिमंडळात पाऊल न टाकता त्यांनी धोरण बदलले.

त्याआधीची एक हकीकत मात्र अधिक बोधक आहे. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात शेतमजुरांची किमान मजुरी ठरविण्यासाठी वि. स. पागे यांच्या समितीने रोज ४ रुपये हा आकडा सुचविला होता. पागे म्हणजे रोजगार हमी योजनेचे जनक, विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती, वृत्तीने संत. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु मजुराला किती उष्मांक लागतात, त्याच्या घरात खाणारी तोंडे किती, हा हिशेब चुकला होता. तरुण डॉ. बंग यांनी तो पुन्हा मांडला आणि मजुरी १२ रुपये असायला हवी असे दाखविले. चळवळ झाली आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. भल्या आमदाराच्या हातूनही चुकीचा आकडा मजुराच्या ताटातली भाकरी काढून घेतो, आणि सभागृहाबाहेरचा अभ्यासक ती परत आणतो. आठ रुपयांचा हा फरक कोणत्याही भाषणापेक्षा मोठा आहे.

तरीही बाहेर राहणे हे सर्वांसाठी उत्तर नव्हे. बाहेरून मांडलेला अहवाल सरकार स्वीकारू शकते, तसेच तो कपाटातही ठेवू शकते. आपल्या संविधानकारांनी हे ओळखले होते. अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांना राज्यपालांनी नियुक्त करावे अशी तरतूद आहे. महाराष्ट्राच्या अठ्ठ्याहत्तर सदस्यांपैकी अशा जागा बारा. विज्ञान हा शब्द त्यात स्पष्टपणे आहे. त्या जागांवर पुष्कळदा कोण जाऊन बसते, हा वेगळा विषय, असो. परंतु नियुक्त होऊन गेलेल्या विद्वानापुढे द मेलो यांचा प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. त्याला कोणी पाठविलेले नसते. त्याला परत बोलावणारेही कोणी नसते.

आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालते त्या रोग्याचे काय? कुष्ठरोगाचा इतिहास पाहा. विदर्भाला या रोगाची आणि त्याच्या सेवकांचीही ओळख जुनी आहे; वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोड्याचे आनंदवन ही नावे आपल्या तोंडी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तो औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात दुसऱ्याला लागेनासा होतो, हे संशोधकांनी निर्विवाद सिद्ध केले. परंतु कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवू देणारा १८९८ चा कायदा रीतसर रद्द झाला २०१६ मध्ये. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यातून निघाला २०१९ मध्ये. मधल्या काळात ओडिशातील एका नगरसंस्थेवर निवडून आलेल्या मनुष्याचे सदस्यत्व, त्याला कुष्ठरोग आहे म्हणून, रद्द झाले. लोकांनी त्याला मते दिली होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला, कारण कायद्यात तसे लिहिलेलेच होते. अशी तरतूद यापुढे ठेवावी काय याचा विधिमंडळाने विचार करावा, एवढेच न्यायालय सुचवू शकले.

मला वाटते, आपला प्रश्न येथे उघडा पडतो. कुष्ठरोगावर संशोधन केलेला डॉक्टर त्या सभागृहात सन्मानाने बसू शकत होता. कुष्ठरोग झालेला मनुष्य निवडून येऊनही बसू शकत नव्हता. डॉक्टर त्याच्या वतीने बोललाच असता, कदाचित उत्तम बोलला असता. परंतु दुसऱ्याच्या वतीने बोलणे आणि त्या दुसऱ्याला बोलायला जागा करून देणे यांत पहिले सोपे आहे, आणि त्याला टाळ्याही मिळतात. संशोधक जेव्हा आमदार होतो तेव्हा त्याच्या ज्ञानाची परीक्षा तेथे होत नाही. ती आधीच झालेली असते. त्याने आपल्या खुर्चीशेजारी आणखी कोणासाठी खुर्ची ओढली, हे पाहावे लागते.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडोंना उपचार घ्यावे लागले, पुष्कळांना डोळ्यांचा त्रास झाला. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. चौकशी पथक नेमले गेले, मिश्रणे तपासली गेली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. तात्पुरतीच का, असे लोक विचारीत. १९६८ चा कीटकनाशक कायदा केंद्राचा आहे. त्याप्रमाणे राज्य सरकार एखादे कीटकनाशक साठ दिवस थांबवू शकते, फार तर आणखी तीस. कायमचा निर्णय दिल्लीत होतो. उद्या या रसायनांवर संशोधन केलेला मनुष्य आमच्या भागातून आमदार झाला, तर त्याच्या ज्ञानाला मुंबईत हीच साठ दिवसांची वेस लागेल. त्याला मुंबईहून दिल्लीकडे भांडावे लागेल, आणि तेथे त्याचे प्रबंध ऐकून घेतले जातील, जसे द मेलो यांचे लिस्बनमध्ये ऐकून घेतले गेले होते.

आणि तरीही त्याने उभे राहू नये असे मी म्हणणार नाही. त्याने उभे राहावे. फक्त निवडून आल्यावर आपल्या वह्या बंद करून बांधावर जावे. कोणते रसायन किती घातक, हे त्याला ठाऊक असते. पंप कोणाचा होता, हातमोजे मालकाने दिले होते काय, कपाशी छातीच्या वर गेली होती तेव्हा वारा कोणीकडून होता, फवाऱ्यात मिसळायचे पाणी डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बाईची नोंद दवाखान्याच्या कोणत्या कागदावर झाली, आणि संध्याकाळी हात धुवायला धुऱ्यावर पाणी शिल्लक होते काय, हे रोजंदारीने गेलेल्या मजुराला विचारावे लागते.